पहिल्या नंबरची तबकडी

बेडशाच्या नथूभाऊंच्या हातात माईक आला की समोरचा माणूस फूटभर उंच व्हायचा. लग्न असो, साखरपुडा असो, बैलगाडा शर्यतीचा घाट असो, कामशेतपासून वडगावपर्यंत निवेदनाला नथूभाऊच. ज्यानं उभ्या जन्मात एकदा ग्रामपंचायतीला उभं राहून आठ मतं मिळवली, त्याला ते ‘पवनाकाठचं भावी नेतृत्व’ म्हणून पुकारायचे, आणि तो खुर्चीतून असा उठायचा की ती आठ मतं देणाऱ्यांनासुद्धा आपण काहीतरी मोठं काम केल्यासारखं वाटायचं.

सगळ्या मावळात एकच माणूस असं होतं, ज्याच्याबद्दल नथूभाऊंना काही वाढवून सांगायची गरज नव्हती. ती म्हणजे त्यांच्याच गावच्या बौद्ध वस्तीतली भागूबाई. तरी ते वाढवून सांगायचेच. हाताला सवय असते तशी जिभेलाही असते.

त्यांची आवडती गोष्ट घोरावाडीची. पंचेचाळीस-शेहेचाळीस वर्षांपूर्वी भागूबाईंची गायन पार्टी घोरावाडी स्टेशनाजवळ गात होती. पेटी, ढोलकी आणि मध्ये ही तिशीतली बाई, पदर खोचून. बाबासाहेबांचं गाणं झालं, मग भातलावणीचं झालं, मग तिनं धरणाचं काढलं. तेवढ्यात मालगाडी आली आणि सिग्नल नसताना थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, गार्ड मागून चालत आला, दोघं रुळाच्या खडीवर बसून राहिले. गाणं संपेपर्यंत मागं चार गाड्या तुंबल्या, आणि गार्डानं वहीत उशिराचं कारण लिहिलं, ‘भागूबाई’. पहिल्यांदा सांगितली तेव्हा मालगाडीला बावीस डबे होते. आता अठ्ठावन्न झाले होते.

भागूबाईंना कुणी विचारलं, की त्या म्हणायच्या, “सिग्नल लागला आसंल.”

तर अशा भागूबाईंची, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, एक रेकॉर्ड निघाली. मोबाइलवरची नव्हे. काळी, गोल, ताटाएवढी, सुई टेकवून वाजवायची. नात ज्योत्स्ना पुण्यात ओंकार नावाच्या मुलाच्या कंपनीत कामाला. ही कंपनी जुन्या पद्धतीच्या तबकड्या काढायची. ओंकारनं एकदा भागूबाईंचं गाणं ऐकलं आणि दोन दिवस तो माणूस कुणाशी धड बोलला नाही म्हणे. हे ज्योत्स्नानं सांगितलेलं, म्हणजे खरं असणार. लोणावळ्याच्या त्याच्या स्टुडिओत सहा गाणी झाली, तीनशे तबकड्या आल्या.

भागूबाईंच्या डोक्यात अजून चौदा गाणी होती. लिहिलेलं एक अक्षर नाही. आणि छातीत दम्यानं घर केलेलं. वडगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पावसाळा सुरू झाला की आजींना गायला लावू नका, यंदा झेपायचं नाही, पुढच्या वर्षीचं मी काही बोलत नाही. ओंकारचंही सरळ होतं. पहिल्या तीनशे खपल्या तरच दुसरी काढायला कंपनीच्या अंगात बळ येणार. म्हणजे मे संपायच्या आत तीनशे खपायला हव्यात, नाहीतर ती चौदा गाणी भागूबाईंबरोबर जाणार.

ज्योत्स्नानं कसर ठेवली नाही. रील केले, पोस्टर केली, लोणावळ्यात एका कॅफेत तबकडी ऐकायचा कार्यक्रम ठेवला. मुंबईची मंडळी आली, सँडविच खाल्लं, डोळे मिटून माना हलवल्या, कव्हराचे फोटो काढले आणि चिक्की घेऊन घरी गेली. महिनाभरात खपल्या अकरा.

मार्चमधल्या एका सकाळी नथूभाऊ वस्तीकडून चालले होते, तर ज्योत्स्ना आजीच्या ओट्यावर खोक्यांच्या उतरंडीशेजारी गालाला हात लावून बसलेली.

“का गं पोरी, पानी भरायचं ऱ्हायलं का?”

“आबा, या सगळ्या रेकॉर्ड आहेत. कंपनीत जागा नाही म्हणून इथं आणल्या.”

“मंग इक की.”

“ज्यांच्याकडं वाजवायचं मशीन आहे त्यांना आजीचं गाणं कळत नाही. आणि ज्यांना गाणं कळतं त्यांच्याकडं मशीन नाही.”

नथूभाऊंनी एक तबकडी उचलली, उलटी केली, सुलटी केली. कव्हरावर भागूबाईंचा फोटो, नऊवारीतला, नजर थेट. मागं चंदेरी शाईनं हातानं लिहिलेलं, ‘१२ / ३००’.

“ह्ये काय?”

“नंबर. तीनशेच काढल्यात ना. ज्या क्रमानं मशीनमधून आल्या, तो आकडा. हौशी लोकांना आवडतं तसं.”

“बरं,” नथूभाऊ म्हणाले. “यातल्या ईस मला दे. दोन दिवसांनी वडगावात लगीन हाय. चार लोकांस्नी दावतो.”

त्या लग्नात जे घडलं त्यामागं काही डोकं लढवलेलं होतं असं नथूभाऊ पुढं सगळ्यांना सांगत आले, पण ते खोटं. झालं होतं एवढंच, की शाली संपल्या.

आता मावळातल्या लग्नात शाल संपणं म्हणजे काय, हे मावळातल्या माणसाला सांगायला नको. मुलीच्या बापानं चाळीस शाली आणलेल्या, आणि नथूभाऊंच्या हातातल्या कागदावर मान्यवर चौपन्न. नाव पुकारलं, मान्यवर उठला, स्टेजपर्यंत चालत आला, आणि गळ्यात काही पडलंच नाही, तर त्या दोन घरांत तीन पिढ्या पंगत होत नाही. चाळिसाव्या शालीला मुलीचा बाप नथूभाऊंकडं असा पाहू लागला, जसं बुडणारं माणूस काठाकडं पाहतं. आणि एक्केचाळिसावं नाव होतं जानूशेठचं. जानूशेठ जमिनींची दलाली करायचे, आणि मानापमानाच्या बाबतीत त्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी होती.

नथूभाऊंनी पायाशी ठेवलेल्या खोक्यात हात घातला.

“मंडळी,” ते माईकवर म्हणाले, आणि आवाज असा खाली आणला की मागचे वाढपीसुद्धा थांबले. “शाल काय, कुनालाबी मिळती. पन आता ज्यो सन्मान हुनार हाय, त्यो जगात फक्त तीनशे मानसांचा हुनार हाय. आपल्या मावळच्या भागूबाईंची तबकडी. सन्मान क्रमांक बारा, श्रीयुत जानूशेठ.”

टाळ्या पडल्या. जानूशेठनं तबकडी छातीशी धरून फोटो काढला. मग पुढचे बारा मान्यवर त्याच खोक्यातून निघाले. खोक्यात नंबर सरमिसळ भरलेले, आणि शेवटच्या, त्रेपन्नाव्या खुर्चीवरून उठलेल्या दत्तोबांच्या वाट्याला आली एक्केचाळीस नंबरची. ज्या चाळीस जणांना शाली मिळाल्या होत्या, ते मांडवात बसून आपल्या शालींकडं पाहत राहिले.

तेरा तबकड्यांचे पैसे मुलीच्या बापानं रात्रीच मोजून दिले. चौपन्नावा मान्यवर आलाच नव्हता, म्हणून ते नाव आपण खाऊन टाकलं, असं नथूभाऊ सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नथूभाऊंच्या अंगणात जीप थांबली. दत्तोबा उतरले. दोन वेळा सरपंच झालेला माणूस. हातात तबकडी.

“नथूभाऊ, मी किती वर्सं सरपंच व्हतो?”

“धा.”

“आन जानू कोन हाय?”

“एजंट.”

“मंग जानूला बारा आन मला एक्केचाळीस? मी काय त्याच्या मागं एकुनतीस मानसं सोडून हुबा ऱ्हातो का?”

नथूभाऊंच्या तोंडापर्यंत खरं आलं होतं. अहो, तो यंत्रातून निघायचा क्रम आहे, त्यात लहानमोठं काही नाही. पण खरी गोष्ट नथूभाऊंच्या तोंडात आली की पाहुण्यासारखी दारातच चहा घेऊन परत जायची.

“दत्तोबा,” ते म्हणाले, “नंबराचं वय असतंय. बारा म्हंजी बारा वर्साचं पोरगं. एक्केचाळीस म्हंजी भरल्या संसाराचा बाप्या. थोरला कोन? मी माईकवर बोललो न्हाई, जानूला वाईट वाटंल म्हनून. तुमी आता बोलू नगा.”

दत्तोबा जीपमध्ये बसले तेव्हा एक्केचाळीस वर्षांनी तरुण दिसत होते. न बोलण्याचं त्यांनी वचन दिलं, आणि कामशेत ओलांडायच्या आत चौघांना सांगितलं. दुपारी जेवणाच्या वेळेला जानूशेठची गाडी अंगणात.

“भाऊ, मला पोरगं समजला व्हय?”

“शेठ, गाड्याच्या घाटात निशान पडल्यावर कुटला गाडा मोठा? अकरा सेकंदात आल्याला का चाळीस सेकंदात? बारा म्हंजी फळीफोड, समद्यांच्या आदी पोचल्याला. एक्केचाळीसवाल्याचं बैल अजून खाली उबं हायेत. पन दत्तोबांना सांगू नगा, वय झालंय त्यांचं.”

एवढ्यावर मावळ पेटला. भात कापणीला येतं तशी ती लग्नसराई तबकडीवर आली. ज्याला त्याला पहिल्या पन्नासातला नंबर हवा, म्हणजे शर्यतीत पुढं. आणि म्हाताऱ्यांना दोनशेच्या वरचा हवा, म्हणजे वयानं मोठा. मधल्या नंबरांचं कसं होणार म्हणून ज्योत्स्ना घाबरली होती, तर ते मोटारींनी उचलले. या भागात ज्याच्या गाडीचा नंबर नऊ-नऊ, त्याच्या मोबाइलचा शेवट नऊ-नऊ, त्याच्या गोठ्यातल्या म्हशीही नऊच. त्यांनी आपापले आकडे शोधून नेले. सोमाटण्याच्या एका पैलवानानं एकशे एक नंबरसाठी ज्योत्स्नाला तीनदा फोन केला. तीनशे नंबर, सर्वांत थोरला म्हणून, एका आजोबांना त्यांच्या नातवंडांनी नव्वदीनिमित्त दिला.

ज्योत्स्नानं पुण्यात पाच वर्षं मार्केटिंग केलं होतं. ती रोज खपाचे आकडे दोनदा मोजायची. ओंकारनं फोनवर विचारलं, “आपली स्ट्रॅटेजी नेमकी काय चाललीय?” ती म्हणाली, “सर, ते मला लिहून देता येणार नाही.”

एप्रिल संपता संपता दोनशे नव्व्याण्णव तबकड्या गेल्या. उरली एक. पहिल्या नंबरची. ती नथूभाऊंनी घडवंचीवर फडक्यात गुंडाळून ठेवली होती, कारण ती दत्तोबांना दिली तर जानूशेठ आणि जानूशेठना दिली तर दत्तोबा, आणि दोघांनाही न देता तिसऱ्याला दिली तर दोघं मिळून. नव्व्याण्णव टक्के काम झालं म्हणून नथूभाऊ आणि ज्योत्स्ना पेढे घेऊन भागूबाईंकडं गेले.

भागूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. पेढा त्यांनी बाजूला ठेवला.

“दोनशे नव्व्याण्णव,” नथूभाऊ म्हणाले. “आक्का, तुजं नाव आता मावळात घराघरात.”

“कुनी आयकली?”

“आगं, घराघरात...”

“नाव नगं. गानं. दत्तोबानं आयकलं?”

नथूभाऊंनी पेढ्यांचा पुडा या हातातून त्या हातात घेतला.

“दत्तोबानं काचंच्या कपाटात ठेवलीया,” ते म्हणाले. “वर लाइट सोडलाय.”

“आन जानूनं?”

“फ्रेम केली.”

भागूबाईंनी सुपातला एक खडा काढून लांब टाकला. “म्हंजी मी कपाटाला गायले व्हय रं नथ्या.”

“आजी, पण आता दुसरी निघेल,” ज्योत्स्ना म्हणाली. “चौदा गाणी राहतील ना.”

“कुटं ऱ्हात्याल? कपाटात?” त्या थांबल्या, श्वास घेतला, तो पुरा आला नाही, पुन्हा घेतला. “माज्यापाशी दम थोडा हाय पोरी. त्यो मला मोजून वापरायचाय. आयकल्यालं एक मानूस आना. शंभर नगं, एकच. नीट आयकल्यालं. मंग मी गाईन. न्हाई घावलं तर हितं बसून नातवंडांपाशी गुनगुनंन, तेवडं पुरं.”

नथूभाऊ घरी गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत, असं त्यांच्या सूनबाई सांगतात. आयुष्यभर त्यांनी हवेचे डोंगर उभे केले, पण ते दुसऱ्यांच्या नावावर. या एका बाईच्या नावावर त्यांनी हवा भरली आणि तिनं ती बोटानं टोचली. वाईट याचं वाटत होतं की घोरावाडीला रुळाच्या खडीवर ड्रायव्हर बसला नव्हता, गार्ड बसला नव्हता. बसले होते ते स्वतः, पंचविशीतले नथू, सिग्नल लागलेल्या गाडीकडं पाठ करून. म्हणजे नीट ऐकलेलं एक माणूस होतं. पण ते कुणाला सांगावं, आणि सांगितलं तर त्यांच्या तोंडचं खरं कोण मानणार?

सकाळी उठून ते वडगावला प्रदीपकडं गेले. प्रदीपचा मांडव आणि साऊंडचा धंदा, मुख्य बाजारात गाळा. त्याचे वडील भोंग्यांच्या काळातले लाऊडस्पीकरवाले. लग्नात तबकड्या वाजवायचे.

“तुज्या बापाचं यंत्र हाय का रं?”

“माळ्यावर ट्रंकेत आसंल. सुई न्हाई त्याला.”

सुई ज्योत्स्नानं पुण्याहून आणली. आणि त्याच आठवड्यात, गाड्यांच्या घाटात, फायनलच्या आधी, नथूभाऊंनी माईकवर सांगून टाकलं. पहिल्या नंबरची तबकडी वैशाखी पौर्णिमेला, बेडशाच्या विहारासमोर, संध्याकाळी पाचला दिली जाईल. पैशावर नाही, पदावर नाही, वयावर नाही. भागूबाई स्वतः एक प्रश्न विचारतील. प्रश्न तबकडीतला असेल. ज्याला उत्तर येईल, पहिला मान त्याचा.

दुसऱ्या दिवशी प्रदीपच्या गाळ्यासमोर जीपा लागल्या.

प्रदीप साधा माणूस. त्यानं रांगेतल्या पहिल्या माणसाची तबकडी लावली आणि भोंगा बाहेर करून म्हणाला, “समदेच आयका, गानी तीच हायेत.”

“तीच कशी?” जानूशेठ म्हणाले. “ही साताची हाय. माजी बाराची.”

“शेठ, एकाच साच्यातून काढल्यात.”

“तुजी मोटार पुन्याला जाऊन आली म्हंजी माजी जाऊन आली का? माजी लाव.”

हे मत एकट्या जानूशेठचं नव्हतं. रांगेतल्या प्रत्येकाचं होतं. ज्यानं त्यानं आपापला नंबर छातीशी धरलेला, आणि दुसऱ्याच्या तबकडीवरचं गाणं ऐकून आपल्याला उत्तर येईल यावर एकाचाही विश्वास नाही. दत्तोबांनी तर दोनदा लावायला लावली, एकदा त्यांची आणि एकदा त्यांच्या मेहुण्याची, आणि मेहुण्याच्या तबकडीत भागूबाईंचा आवाज जरा बसलेला आहे असं शपथेवर सांगितलं. प्रदीपनं शेवटी बँकेसारखे टोकन वाटले. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, पहिली बाजू, दुसरी बाजू, उतरव, पुढची लाव. वीस दिवस.

वीस दिवस वडगावच्या बाजारात तीच सहा गाणी. तहसीलला आलेली माणसं सातबारा विसरून पायऱ्यांवर बसून राहायची. कोर्टातल्या एका वकिलानं तारीख मागताना चाल लावून मागितली, असं नथूभाऊ सांगतात. ते सोडून द्या. पण रिक्षावाले गुणगुणायला लागले होते, हे ज्योत्स्नानं आपल्या कानांनी ऐकलं. भागूबाई दम्याच्या औषधाला वडगावला आल्या तेव्हा एस.टी.तून उतरल्या आणि थांब्यावरच उभ्या राहिल्या. भोंग्यातून त्यांचा स्वतःचा आवाज येत होता, आणि बाजारातल्या बायका त्यांच्याबरोबर गात होत्या, त्यांना न ओळखता. त्या औषध न घेताच परत गेल्या. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

पौर्णिमेला विहारासमोर खीर वाटून झाली होती. पाचला गाड्या यायला लागल्या. यातल्या निम्म्या गाड्या मतदानाच्या आधीचा आठवडा सोडला तर या गल्लीत कधी वळल्या नव्हत्या. आज दत्तोबा सतरंजीवर मांडी घालून बसले, शेजारी जानूशेठ, आणि मध्ये एका माणसाची जागा दोघांनी राखून ठेवलेली, एकमेकांना लागू नये म्हणून. पहिल्या नंबरची तबकडी नथूभाऊंच्या मांडीवर. ओंकारही पुण्याहून आला होता, मागं उभा होता.

नथूभाऊंनी प्रास्ताविकाला तोंड उघडलं, तर भागूबाईंनी माईक त्यांच्या हातातून काढून घेतला.

“तिसरं गानं,” त्या म्हणाल्या. “धरनाचं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. ते सगळ्यांना पाठ होतं. पवनेचं पाणी चढलं तेव्हा घर सोडून निघालेल्या बाईचं गाणं:

डोईवर आणला पाटा, कडेवर आणलं लेकरू,
वरवंटा राहिला पाण्यात, बाई, आता मी काय करू.

“यात मी श्वास कुटं घेते?”

शंभर-सव्वाशे माणसं जमलेली. शब्द विचारतील म्हणून सगळे शब्द घोकून आले होते.

दत्तोबांनी हात वर केला. “ओळ संपली की घेता. कुनीबी तितंच घेईल.”

भागूबाईंनी मान हलवली. नाही.

“वरवंट्याच्या आदी,” जानूशेठ म्हणाले. “वजनदार शब्द हाय. त्याच्या आदी श्वास लागनारच.”

नाही.

आणखी पाच-सहा जणांनी प्रयत्न केला. मग हात वर यायचे थांबले. नथूभाऊंना उत्तर येत होतं. पंचेचाळीस वर्षं येत होतं. पण निवेदकानं सांगायचं नसतं. ते मान खाली घालून मांडीवरच्या चंदेरी एकाकडं पाहत राहिले, आणि चौदा गाणी एकेक करून पवनेत उतरताना त्यांना दिसायला लागली.

“मी सांगू का?” मागून बाईचा आवाज आला.

ती चंपा. वडगावात प्रदीपच्या गाळ्यासमोर पालेभाजीचं पाल लावते. उरलेल्या मेथीची पाटी शेजारी ठेवून ती कडेला उभी होती.

“तुज्याकडं कितव्या नंबरची हाय?” दत्तोबांनी विचारलं.

“माज्याकडं न्हाई कुटलीच. तुमी समद्यांनी वाजवली, मी समद्यांची आयकली.” ती भागूबाईंकडं वळली. “पाटा, लेकरू, वरवंटा, ह्ये समदं एका दमात. ‘पाण्यात’ म्हनून झालं की थांबता. पन तितं श्वास न्हाई घेत. नुसतं थांबता. पयल्या दिशी मला वाटलं रेकॉर्ड आडकली. मंग चार-पाच दिसांनी ध्येनात आलं, ती बाई पान्याकडं बगतीया. श्वास ‘बाई’ म्हटल्यावर घेता. त्योबी आर्धाच.”

भागूबाईंनी माईक खाली ठेवला.

“तुला कसं गं कळलं?” माईकशिवाय त्यांनी विचारलं.

“मेथी निवडताना मीबी तितंच थांबाया लागले, मावशी. गिऱ्हाईक इचारतंय, काय झालं.”

नथूभाऊ उठले. गुडघे वाजले, पण त्या दिवशी त्यांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी तबकडी दोन्ही हातांनी चंपाच्या पुढं केली. तिनं हात मागं घेतला.

“अशी न्हाई. फुकट दिली तर आहेर झाला. आहेर काय, फिरत ऱ्हातोय ह्याच्या घरून त्याच्या घरी. मला इकत द्या.”

आणि कमरेची पिशवी सोडून तिनं तिथंच ती विकत घेतली. ज्योत्स्ना पुढं म्हणायची, मी पाच वर्षं ज्या गिऱ्हाइकाला शोधत होते ते भाजीची पाटी घेऊन उभं होतं. दत्तोबांनी टाळ्या वाजवल्या, कारण मान जानूला गेला नव्हता. जानूशेठनं त्यांच्याहून जोरात वाजवल्या, त्याच कारणानं. चंपाकडं यंत्र नाही म्हणून तबकडी प्रदीपच्या गाळ्यात ठेवायची ठरली, आणि ती अजून तिथं सकाळी बाजार उघडताना वाजते.

“नथ्या,” भागूबाई म्हणाल्या, “जीप सांग कुनाची तरी. उद्याच जाऊ. आभाळ भराया लागलंय.”

ओंकारचा स्टुडिओ लोणावळ्यात एका जुन्या बंगल्यात. जाड काचा, भिंतींना गाद्या. पण घाट चढून येणाऱ्या गाड्यांचा भोंगा त्यातूनही आत यायचा. पहिल्या सहा गाण्यांच्या वेळेला प्रत्येक गाणं तीन-तीनदा घ्यावं लागलं होतं. या वेळी भागूबाईंकडं तेवढा दम नव्हता. प्रत्येक गाणं एकदाच, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. वेळापत्रक समोर ठेवून ओंकार घाम पुसत होता. गाड्यांच्या मधल्या फटी चार-पाच मिनिटांच्या, आणि पहिलंच गाणं अकरा मिनिटांचं.

नथूभाऊंना आत बसायला मिळालं, एका अटीवर. लाल दिवा लागला की घशातून आवाज काढायचा नाही. खोकला नाही, वाहवा नाही, काही नाही. ज्योत्स्नानं त्यांच्याकडून तीनदा कबूल करून घेतलं.

दिवा लागला. भागूबाईंनी डोळे मिटले नाहीत. समोरच्या गादीच्या भिंतीकडं अशा पाहू लागल्या, जसं तिथं पाणी आहे. आणि आवाज आला. आधी जुन्या दारासारखा, जरा घासत. मग दुसऱ्या ओळीला दार उघडलं. नथूभाऊंनी हे गाणं पूर्वी एकदाच ऐकलं होतं. तेव्हाच्या आवाजात जोर होता. आता जोर नव्हता, त्या जागी काहीतरी दुसरं होतं, ज्याला माईकवर पुकारायला त्यांच्याकडं शब्द नव्हता. जिथं श्वास संपायचा तिथं त्या संपू द्यायच्या आणि पुढचा शब्द त्या संपलेल्या जागेतूनच उचलायच्या. काचेपलीकडं यंत्रापाशी बसलेल्या ओंकारचा हात हवेत तसाच राहिला होता.

पाच मिनिटं झाली. सात झाली. खिडकीपलीकडच्या रुळांवरून कुणी गेलं नाही. नऊ झाली. अकराव्या मिनिटाला भागूबाईंनी शेवटचा सूर ठेवला, आणि तो विझेपर्यंत हात वर धरून राहिल्या. मग हात खाली आणला.

लाल दिवा गेला, आणि त्याच क्षणाला खाली घाटात मालगाडीनं लांबलचक भोंगा दिला. खडखडत निघाली. मागोमाग दुसरी.

ओंकारनं वेळापत्रक पुन्हा पाहिलं, घड्याळ पाहिलं. “या दोन्ही गाड्या मधेच जायला हव्या होत्या. थांबल्या कशा?”

नथूभाऊंनी तोंड उघडलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापाशी एक अक्षर न वाढवता सांगण्यासारखी गोष्ट होती, आणि ती सांगायच्या आधी ते भागूबाईंकडं वळले.

भागूबाई तांब्यातलं पाणी प्यायल्या, त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

“सिग्नल लागला आसंल,” त्या म्हणाल्या. “दुसरं लाव.”